'कहती' : दुष्काळ म्हणावं की नाही?

प्रश्न असा : 'यतीमखाने-ये ईरान' (2016) हा इराणी चित्रपट पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या उपासमारीवर आहे. 'कहती' या फारसी शब्दाला मराठी उपशीर्षकांत 'दुष्काळ' म्हटलं तर चालेल का? आपल्याकडे दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणं.

चालेल, दुष्काळच लिहावं. त्या शब्दात पाऊस कुठेच नाही. दुस् अधिक काल, म्हणजे वाईट काळ, जोडीदार सुकाळ. पाऊस जास्त झाला तरी आपण 'ओला दुष्काळ' म्हणतोच. आणि 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण पाहा. अधिक मास आला की त्याच कणगीतलं धान्य आणखी महिनाभर पुरवायचं. म्हणीची सगळी काळजी कणगीच्या तळाची आहे.

'कहती'चा प्रवास उलटा. मूळ अरबी 'कहत', जुना अर्थ पाऊस अडून राहणं. फारसीत तो धान्याच्या टंचाईकडे सरकला, इतका की औषधं मिळेनाशी झाली तरी इराणी माणूस 'कहती-ये दारू' म्हणतो. इथे जपून! दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तोच अर्थ टिकून आहे.

अवर्षणाला फारसीत वेगळा शब्द आहे, 'खुश्कसाली'. खुश्क म्हणजे कोरडं; 'खुष्कीचा मार्ग' यातली खुष्की तीच. हा शब्द आला तर 'अवर्षण' किंवा 'कोरडं साल' लिहावं. दोन्हींना दुष्काळ लिहिलं की कारण आणि परिणाम एकात मिसळतात, आणि इराणच्या बाबतीत हे फार महागात पडतं. 1917 साली पावसाने दगा दिला हे खरं. पण 1914 मध्ये तटस्थता जाहीर करूनही देशात रशियन, ब्रिटिश आणि उस्मानी (ऑटोमन तुर्की) फौजा घुसल्या होत्या. लष्करासाठी धान्य उचललं जात होतं. खेचरं-उंट लष्कराच्या कामाला जुंपल्यामुळे एका प्रांतातला गहू दुसऱ्या प्रांतात पोचेना. साठेवाले भाव चढायची वाट बघत कोठारं दाबून बसले. त्यावर 1918 चा इन्फ्लुएन्झा. पाऊस वेळेवर पडता तरी यातलं बरंच काही टळलं नसतं.

कोठाराला फारसीत 'अंबार'. पन्हाळ्यावरच्या धान्यकोठारांचं नाव अंबारखाना, तेव्हा हा शब्द आपल्या घरचाच. साठेबाजी म्हणजे 'एहतेकार'.

सगळ्यात सहज फसवणारा शब्द मात्र 'मन'. तबरीझी मन साधारण 3 किलोचा, आपला मण सुमारे 37 किलोचा. 'दोन मन गहू' म्हणजे सहा किलो. त्याचं 'दोन मण' केलंत तर उपाशी घरात एकदम पाऊणशे किलो गहू येऊन पडतो. सरळ किलोत सांगावं. 'खरवार' म्हणजे 100 तबरीझी मन, जवळजवळ 300 किलो. शब्दाचा अर्थ गाढवाचं ओझं. पण 'गाढवभर गहू' असं लिहू नये, एका गाढवाला 300 किलो पेलत नाही.

चित्रपटाच्या नावातलं 'खाने' अनेकवचन नव्हे. आपण दवाखाना, कारखाना म्हणतो तोच 'खाना' आजच्या इराणी उच्चारात 'खाने' होतो, आणि पुढचं 'ये' म्हणजे षष्ठीचा जोड. म्हणून 'इराणचे यतीमखाने' चूक, 'इराणचा यतीमखाना' बरोबर. 'इराणचं अनाथालय'ही चालेल, पण 'यतीम' म्हणजे मुळात बाप गेलेलं पोर, ती धार त्यात बोथट होते.