पिकअपच्या मागच्या ॲक्सलमधून आवाज येतोय, मेकॅनिक म्हणतोय क्राउन-पिनियन बदला. खरंच बदलायला लागंल काय?

तुम्ही लिहिलंय की बेळगावातनं भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्याला जाता, ४०-५० च्या स्पीडला मागनं हूंऽऽ आवाज येतोय आणि गॅरेजवाला म्हणतोय क्राउन-पिनियनची जोडीच टाका (ॲक्सलच्या आत चाकं फिरवणारी मोठी गिअर म्हणजे क्राउन, तिला फिरवणारी छोटी म्हणजे पिनियन). माझं खानापूर रोडला पिकअपचंच काम असतंय म्हणून सांगतो दादा, पैसे काढायच्या आधी आवाज नेमका कोण करतंय ते बघा, बऱ्याच गाड्यांत नुसतं बेअरिंग गेलेलं असतंय.

सपाट रस्त्याला गाडी ५० ला न्या. ॲक्सिलेटर दाबला की आवाज वाढतोय आणि सोडला की बदलतोय किंवा जातोय, तर या जोडीच्या दात्यांवर संशय घ्या. पाय ठेवा नायतर काढा, आवाज तसाच आणि फक्त स्पीडबरोबर वाढतोय, तर बेअरिंग. वळणावर एका बाजूला वाढला तर बहुतेक चाकाचं. पिनियन क्राउनच्या साधारण चौपट फिरतंय, त्यामुळं त्याच्या बेअरिंगचा आवाज बारीक येतो आणि क्राउनच्या दोन बाजूच्या बेअरिंगांचा जाड, घरघर. डांबरावरनं काँक्रीटवर गेल्यावर आवाजच बदलला तर आधी टायर बघा, ॲक्सल उघडू देऊ नका. गाडी जागेवरनं निघताना टक् वाजत असंल तर ते गिअरबॉक्सकडनं ॲक्सलला येणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसचं (सांध्याचं) दुखणं, वेगळं.

मग ॲक्सलचं ऑइल काढा, गाडी गरम असताना, आणि आधी वरचा भरायचा नट सुटतोय का बघून मगच खालचा सोडा, नायतर ऑइल खाली आणि वरचा नट जाम, गाडी तिथंच. खालच्या नटाला मॅग्नेट असंल तर त्यावर करडी मऊ पेस्ट असणारच, ती नॉर्मल हाय. बोटांत चोळल्यावर चमकणारी पापुद्री किंवा टोचणारा कण लागला तर आत कायतरी तुटतंय. ऑइल ताकासारखं पांढरट निघालं तर पाणी गेलंय. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हे लई बघायला मिळतं, तापलेलं हाऊसिंग (ॲक्सलचं बाहेरचं खोकं) पाण्यात गेलं की एकदम गार होतंय, आतली हवा आकसते, आणि वरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलानं बुजलेला असला की सीलमधनं पाणी आत ओढलं जातंय. ब्रीदर कोण बघत नाही, दहा मिनिटांचं काम हाय ते! मग बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे पडतात आणि आवाज सुरू.

चाकाचं असंल तर आधी ॲक्सल कसला ते बघा. चाकाच्या मधोमध बाहेर आलेला हब आणि त्यावर बोल्टांचं गोल असंल तर फुल फ्लोटिंग, गाडीचं वजन हबच्या दोन टेपर बेअरिंगवर, ॲक्सल फक्त फिरवायचं काम करतो. तसं नसलं तर बहुतेक सेमी फ्लोटिंग, तिथं वजन ॲक्सलच्या टोकाच्या बेअरिंगवरच येतंय, आणि ते बेअरिंग पूर्ण निकामी झालं तर ॲक्सल मोडून चाक बाहेर यायची भीती, घाटात हे परवडत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ऑइल ओघळलेलं दिसलं तर सील आणि ब्रेकचे लाइनर दोन्ही बघा. बेअरिंगची कॉलर (त्याला जागेवर धरणारं कडं) काढायला ॲक्सलवर गॅसची ज्योत मारू देऊ नका, उष्णतेनं त्याची ताकद जाते.

जोडी खरंच गेली असंल तर क्राउन एकटा नाही, पिनियनपण सोबतच, दोन्ही एकत्र घासून जुळवलेले असतात. पिनियनला चिरडणारी स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) असंल तर ती नवीनच पाहिजे, आणि हवेच्या गनने नट आवळणाऱ्याकडं हे काम देऊ नका, प्रीलोड (बेअरिंगवर ठेवायचा दाब) हातानं फिरवून, मापानं बघायला लागतो. बॅकलॅश (दोन्ही गिअरच्या दात्यांमधली मोकळी जागा) डायल गेजनं मोजतात, किती ठेवायचा ते त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणं, आणि दात्यांना निळा रंग लावून ठसा कुठं पडतोय ते तुमच्यासमोर बघायला सांगा. जो मिस्त्री हे करत नाही त्याच्याकडनं जोडी महिन्यात परत गाणार, मग कितीबी भारी पार्ट टाका. ऑइल जीएल-५ (हा गिअर ऑइलचा दर्जा) च, घट्टपणाचा नंबर मॅन्युअलमधला, गिअरबॉक्सचं उरलेलं ओतू नका.

नवीन जोडी टाकल्यावर पहिले ५००-८०० किमी अर्ध्या मालावर चालवा, मधेमधे थांबून हाऊसिंग थंड होऊ द्या, मग ऑइल बदलून टाका.