उन्हातली प्रॅक्टिस, पाणी आणि बर्फाची ताडपत्री

प्रश्न: माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, सुट्टीत क्रिकेटच्या समर कॅम्पला जातो. प्रॅक्टिस सकाळी 8 ते 11. सर म्हणतात मधेमधे पाणी प्यायलं की पोट जड होतं, स्टॅमिना वाढत नाही. परवा एक मुलगा चक्कर येऊन पडला, तोंडावर पाणी मारून सावलीत झोपवला. मी ओआरएसची बाटली देते, पुरेल का? (एक आई, अकोला)

उत्तर: ताई, पाणी तोडून स्टॅमिना वाढतो हे साफ खोटं आहे, सरांना हे माझं नाव घेऊन सांगा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मधेच सांगून ठेवलंय की 9 ते 12 वर्षांच्या मुलांना खेळताना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिली आणि त्याहून मोठ्यांना तासाला एक ते दीड लिटरपर्यंत पाणी मिळायला हवं. तुमचा मुलगा दुसऱ्या गटात येतो. दीड-दोन तासांच्या प्रॅक्टिसला साधं पाणी आणि घरचं मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत पुष्कळ झालं. आणि ओआरएस द्यायचंच तर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, नाव ओआरएससारखं आणि आत नुसती साखर असले टेट्रापॅक नकोत, ऑक्टोबर 2025 मधे एफएसएसएआयने (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला बंदी घातली ती याचसाठी.

पण बाटली दिली म्हणजे पोरगं सुरक्षित असं नाही हो. भरपूर पाणी प्यायलेल्या खेळाडूलाही उष्माघात होतो, कारण पळताना स्नायूच इतकी उष्णता तयार करतात की पॅड, हेल्मेट घालून उन्हात ती बाहेर पडायला जागाच राहत नाही. म्हणून खरा प्रश्न वेळेचा आहे. मे महिन्यात अकोल्यात अकराचं ऊन काय असतं ते तुम्हाला मी काय सांगणार, सगळ्या पालकांनी मिळून 6 ते 8 ची वेळ मागा. शिवाय परीक्षा संपेपर्यंत कूलरसमोर बसून अभ्यास केलेली मुलं एकदम तीन तास मैदानात उतरतात, आणि शरीराला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, त्यामुळे पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा. कोरी स्ट्रिंगर हा अमेरिकन फुटबॉलमधला धिप्पाड खेळाडू 2001 साली सराव शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी कोसळला आणि 1 ऑगस्टला गेला, वय 27. त्याच्याच नावाने 2010 पासून कनेक्टिकट विद्यापीठात याच विषयावर संशोधन करणारी संस्था चालते.

आता तो चक्कर आलेला मुलगा. पडलेलं मूल नीट बोलत असेल तर सावली, पाय वर, पाणी, ठीक आहे. पण बरळत असेल, चिडून अंगावर येत असेल, तोल जात असेल, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा. लगेच 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, तिथेच थंड करायचं. मैदानावर एक ताडपत्री आणि बर्फाची सोय ठेवायला सांगा: मुलाला ताडपत्रीत झोपवायचं, चार-पाच जणांनी कडा उचलून धरायच्या, आत पाणी आणि बर्फ ओतायचा, हलवत राहायचं, डोकं पाण्याबाहेर. तोंडात पाणी ओतू नका, पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. अमेरिकेत फालमथला ऑगस्टमधे 11 किलोमीटरची रेस असते, तिथे 18 वर्षांत 274 जणांना उष्माघात झाला, सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या टबात बसवलं आणि सगळे वाचले. सगळे! पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर जीव वाचतो, हे प्रत्येक कोचला पाठ पाहिजे.

प्रश्न: मी हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. ग्रुपमधे सांगतात तहान नसली तरी प्रत्येक स्टॉलवर पाणी प्यायचंच. बरोबर आहे का? (डोंबिवली)

उत्तर: नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधे 488 धावपटूंचं रक्त तपासलं तर 13 टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, धोक्याइतकं कमी निघालं, आणि ज्यांचं वजन पळून उलट वाढलं होतं त्यांच्यात हे जास्त दिसलं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन ते मीठ पातळ झालं होतं. तहान लागेल तसं प्या. एखाद्या लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून बघा, किलोभर कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला, आणि वाढलं असेल तर पुढच्या वेळी स्टॉल सोडत जा.