शरीरसंस्थांची सुरुवात कुठून करू?

भावा, अकरावीला शरीरसंस्थांची नावं घोकत बसू नकोस. बहुतेकांची पहिली चूक तीच. आधी समस्थिती समजून घे, म्हणजे शरीराची आतली परिस्थिती ठरावीक मर्यादेत राखणं.

उद्या पहाटे रंकाळा तलावाला एक फेरी पळ. स्नायू तापतात, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं, त्वचेकडे जास्त रक्त जातं, घाम सुटतो. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो आणि तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. अंग निवलं की घामही थांबतो. बदलाला उलट दिशेनं ओढणारी ही साखळी म्हणजे ऋण प्रत्याभरण. घरी येऊन वहीत बाण काढ आणि किती संस्था कामाला लागल्या ते मोज. मला स्वतःला हा धडा अशा बाणांनीच समजला. मग तसंच रक्तातल्या साखरेचं काढ: जेवल्यावर साखर खाली आणणारं इन्सुलिन, उपाशीपोटी ती वर नेणारं ग्लुकॅगॉन.

प्रतिकारशक्तीत हमखास चुकणाऱ्या गोष्टी:

- प्रतिजन म्हणजे जंतूसारख्या परक्याची खूण. प्रतिपिंड म्हणजे तिला चिकटणारं आपलं प्रथिन. याची अदलाबदल फार होते.
- संसर्गात ताप येतो तेव्हा हायपोथॅलॅमस तापमानाचं लक्ष्यच वर नेतो. म्हणून अंग तापत असूनही हुडहुडी भरते. नियंत्रण बंद पडलं, असं लिहू नकोस.
- लस स्मृतिपेशी, म्हणजे जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, तयार करून ठेवते. देवीच्या रोगावर लस काढणाऱ्या इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरचा १७९६ चा गाईच्या देवीचा प्रयोग नीट वाच.

टी पेशींचे (रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशींचे) प्रकार सध्या बाजूला ठेव. बाणांच्या दोन आकृत्या न बघता जमल्या की पुढचं विचार, मी सांगतो.