'ब्लॅक पँथर' कॉमिक्सच्या कोट्स यांच्या मालिकेबद्दल वाचकांची मते इतकी टोकाची का आहेत? नव्या वाचकाने ती वाचावी का?

अमेरिकन लेखक ता-नहासी कोट्स यांनी २०१६ साली लिहायला घेतलेल्या मालिकेला काही वाचक या पात्राची सर्वांत प्रगल्भ कथा मानतात, तर इतरांच्या मते ती रटाळ आहे आणि तिने टचालासारख्या राजाला, म्हणजे खुद्द ब्लॅक पँथरला, दुबळे करून ठेवले आहे. ही मालिका मी मनापासून आवडीने वाचली आहे आणि तरीही तिच्यावरील आक्षेपांपैकी निदान एक मला पूर्णपणे पटतो. मात्र मतभेदाचे मूळ मला लेखनशैलीत दिसत नाही. आफ्रिकेतील एका राजाकडून वाचकाला काय हवे आहे, यात ते आहे.

हे पात्र स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ साली 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२व्या अंकात आणले. अमेरिकेच्या मुख्य प्रवाहातील कॉमिक्समधील हा पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो. त्याचे वकांडा हे आफ्रिकेतील काल्पनिक राज्य कधीही कोणाची वसाहत झाले नाही, व्हायब्रेनियम या दुर्मीळ धातूमुळे ते संपन्न आहे आणि विज्ञानात ते जगाच्या पुढे आहे. ज्या वाचकांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून समुद्रापार नेण्यात आले, त्यांच्यासाठी असा राजा कागदावर का होईना, पण अस्तित्वात असणे ही फार मोठी गोष्ट होती. त्यामुळे कोणी या राजाला कमीपणा आणतो आहे असे वाटले, की त्यांना राग येतो आणि तो राग मला समजतो.

या रागाला ख्रिस्तोफर प्रीस्ट यांनी १९९८ ते २००३ या काळात लिहिलेल्या मालिकेची पार्श्वभूमी आहे. प्रीस्ट यांचा टचाला कमी बोलतो, मनाचा थांग लागू देत नाही आणि समोरचा पहिली चाल विचारात घेत असतो तेव्हा याची तिसरी चाल खेळून झालेली असते. कथा सांगतो तो एव्हरेट रॉस हा गोंधळलेला गोरा अमेरिकन अधिकारी, आणि त्याच्या गोंधळामुळेच राजाचा दरारा अधिक जाणवतो. टचाला ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या चमूत सामील झाला तो त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी, हा धक्काही प्रीस्ट यांनीच दिला. अनेक जुन्या वाचकांच्या दृष्टीने हाच खरा टचाला.

कोट्स यांचा पहिला अंक उघडतो तो व्हायब्रेनियमच्या खाणीपाशी, जिथे राजाचेच खाणकामगार त्याच्यावर उलटले आहेत. ब्रायन स्टेलफ्रीझ यांच्या चित्रांत तेथे जल्लोषाचा मागमूस नाही. आधीच्या कथांमध्ये वकांडावर महापूर आणि परचक्र दोन्ही येऊन गेलेली आहेत, बहीण शुरी जवळजवळ मृत्यूच्या पलीकडे आहे, आणि आमच्या रक्षणासाठी राजा कुठे होता, असे रयत विचारते आहे. पुढे अनेका या अंगरक्षक स्त्रीला, मुलींवर अत्याचार करणाऱ्या एका सरदाराला मारल्याबद्दल मृत्युदंड सुनावला जातो आणि तिची प्रेयसी आयो तिला सोडवते. या दोघी राजाविरुद्ध उभ्या राहतात आणि वाचकाची सहानुभूती त्यांच्याकडे जाते. बंड मोडण्याचा सल्ला घेण्यासाठी टचाला इतर देशांतील दडपशाहीच्या जाणकारांना गुप्तपणे बोलावतो, ती बैठक उघडकीस येते आणि राजाची जगभर शोभा होते. प्रीस्ट यांच्या टचालाकडून असे घडले नसते, असे चाहते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण माझ्या मते या मालिकेतील तो सर्वांत धाडसी प्रसंग आहे, कारण चांगला माणूससुद्धा सिंहासन टिकवण्यासाठी कोणाच्या पंगतीला जाऊन बसू शकतो, हे तो स्पष्ट दाखवतो.

शिवाय रयतेने राजाला जाब विचारणे ही कोट्स यांची नवी कल्पना नव्हे. डॉन मॅकग्रेगर यांनी १९७३ ते १९७५ या काळात 'जंगल ॲक्शन' या कॉमिकमध्ये लिहिलेल्या 'पँथर्स रेज' या दीर्घ कथेत राजा अमेरिकेत रमल्याबद्दल वकांडात असंतोष आहे आणि त्याचा शत्रू किलमाँगर याचे बंड त्या असंतोषावरच पोसले जाते. तेथे टचाला वारंवार हरतो, जखमी होतो, फाटक्या पोशाखात उठून उभा राहतो. ज्यांना कोट्स यांनी राजाची प्रतिमा मोडली असे वाटते, त्यांनी ही कथा अवश्य वाचावी.

आता मला पटलेला आक्षेप. कोट्स हे मुळात निबंधलेखक, आणि सुरुवातीच्या अंकांत ते लपत नाही. पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी राज्यशास्त्रावर भाषणे करतात; चित्राने जे आधीच सांगितले, तेच वरच्या चौकटीतील मजकूर पुन्हा सांगतो. महिन्याला एक अंक मिळत असताना ज्यांनी हे वाचले, त्यांना वीस-बावीस पानांत काहीच घडले नाही असे वाटणे स्वाभाविक होते. बारा अंकांची पहिली कथा सलग वाचल्यास हा दोष बराच सौम्य होतो, आणि राज्यघटनेच्या दिशेने जाणारा तिचा शेवट तेव्हाच नीट उमगतो.

म्हणून सुरुवात प्रीस्ट यांच्यापासून करा, मग 'पँथर्स रेज' वाचा आणि त्यानंतर कोट्स यांच्याकडे वळा. राजाचा दरारा आधी अनुभवला असेल, तरच त्याला विचारलेल्या प्रश्नांचे वजन कळेल. कोट्स यांची २०१८ मध्ये सुरू झालेली, अंतराळातील वकांडा साम्राज्याची कथा मात्र अगदी वेगळ्या धाटणीची आहे. ती पहिल्या वाचनात वगळली तरी चालेल.