'जनुकांचं नियमन' की 'नियंत्रण'?

विचारणा अशी : यकृताच्या कर्करोगावरच्या लेखांत 'जनुकांचे नियमन बिघडते' असं वाचायला मिळतं. नियमन तर रिझर्व्ह बँक करते. इथे सरळ 'नियंत्रण' का नको? आणि हे म्हणजे उत्परिवर्तनच ना, म्हणजे डीएनएतलं अक्षर बदलणं?

व्युत्पत्तीतून फारसं हाती लागत नाही. दोन्ही शब्द 'यम्', म्हणजे आवरणे, याच धातूपर्यंत जातात. फरक पडला तो वापरात. नियंत्रण म्हटलं की आळा घालणं आलं : गर्दीचं नियंत्रण, कीडनियंत्रण. नियमनात कधी, कुठे, किती हे ठरवणं येतं, आणि जनुकांच्या बाबतीत मुद्दा तोच आहे.

अल्फा-फीटोप्रोटीन घ्या. गर्भाचं यकृत हे प्रथिन भरपूर बनवतं. जन्मानंतर वर्षभरात ते नावापुरतं उरतं. जनुक कुठे जात नाही, प्रत्येक यकृतपेशीत असतंच, फक्त मुकं. कर्करोगात अनेकदा ते पुन्हा बोलायला लागतं. १९६३ साली मॉस्कोत संशोधक आबेलेव यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं, पुढच्याच वर्षी तातारिनोव यांना रुग्णांच्या रक्तात. रिपोर्टवरचं 'एएफपी' ते हेच. (नुसत्या त्या आकड्यावरून निदान करू नये, गरोदरपणातही तो वाढतो.) जनुक पुन्हा बोलायला लागण्यासाठी त्याचं अक्षर बदलावं लागत नाही, तेव्हा याला उत्परिवर्तन म्हणणं चूक. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे विष टीपी५३ या, पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकातलं अक्षर बदलतं, ते उत्परिवर्तन.

'टर्ट' या जनुकापाशी मात्र ही वाटणी कोलमडते. टेलोमरेज या विकराचा (एन्झाइमचा) मुख्य भाग त्याच्यावरून बनतो; पेशी दुभंगताना गुणसूत्रांची झिजणारी टोकं हे विकर भरून काढतं. प्रौढ यकृतपेशीत ते बंद असतं, म्हणून पेशी किती वेळा दुभंगेल याला मर्यादा राहते. यकृताच्या सुमारे निम्म्या गाठींत एक अक्षर बदललेलं असतं, पण जनुकाच्या मजकुरात नव्हे, त्याच्या आधीच्या प्रवर्तक पट्ट्यात, म्हणजे जनुक सुरू करायचं की नाही ते जिथून ठरतं तिथे. तेवढ्यानं जनुक सुरू होतं आणि पेशीला ती मर्यादा उरत नाही. झालं उत्परिवर्तन, बिघडलं नियमन!

'नियंत्रण सुटलं' लिहिलं तर सगळं वाढतच गेलं असं वाटतं. तसं नसतं. पेशीला मरू न देणारं बीसीएल-एक्सएल हे प्रथिन काही गाठींत वाढतं, तर निरोगी यकृतात मुबलक असलेला १२२ क्रमांकाचा सूक्ष्म-आरएनए (इतर जनुकांचं काम दाबणारा छोटा रेणू) अनेक गाठींत घटतो. 'नियमन बिघडलं' यात दोन्ही मावतं. पण पुढच्याच वाक्यात काय वाढलं नि काय घटलं ते सांगायला हवं. आणि 'जनुकाची अभिव्यक्ती वाढली' यापेक्षा मी तरी 'जनुक जास्त चालतंय' असंच लिहीन.