जुलैत गोव्याची तिकिटं काढलीत, कळंगुटच्या किनाऱ्याला खोलीही घेतलीय, पाऊस धो धो पडतोय आणि पैसेही बेताचेच आहेत. जाऊ की रद्द करू?

जा. रद्द करायचीच असेल तर कळंगुटची खोली करा आणि पणजीत राहा.

तुम्ही लिहिलंय की तिघं मित्र, चार दिवस, मिळून बारा हजार रुपये, आणि ऑरेंज अलर्ट बघून आता घरचे नको म्हणताहेत. मी हा प्रयोग सात-आठ वर्षांपूर्वी केलाय, तोही चुकीच्या जागी राहून. किनाऱ्यालगत निम्म्या भाड्यात खोली मिळाली म्हणून खूश होतो. पोचल्यावर कळलं की शॅक उतरवून ठेवलेले, निम्मी दुकानं झावळ्यांनी आणि प्लास्टिकने झाकलेली, वाळूत लाल बावटे, आणि पाण्याकडे चार पावलं टाकली की जीवरक्षकाची शिट्टी. भिंतीला ओल आलेल्या त्या खोलीत दोन दिवस पत्ते कुटले. तिसऱ्या दिवशी वैतागून पणजीची बस पकडली, आणि मग लक्षात आलं की पावसात समुद्र बंद असतो, गोवा नाही. तेव्हापासून जमेल त्या जुलैत जातो.

बावट्याची थट्टा करू नका, एवढं आधी सांगतो. नैऋत्येच्या वाऱ्याने लाटा उंच येतातच, पण किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह वरून दिसत नाही. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूससुद्धा ओढला जातो. मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथे समुद्र इतका खवळतो की खनिजाचे बार्ज त्या वाटेने जात नसत. कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरून मुरगाव बंदराला जायचे. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर काढलेली माणसं जिथे वळसा घालतात, तिथे आपण सेल्फीसाठी उतरायचं नाही. समुद्र बघायचा तर पणजीच्या मिरामार किनाऱ्याला जा, लांब उभे राहा. नदीचं तांबडं पाणी समुद्रात शिरताना दिसतं. फुकट आहे आणि मला तरी तेवढं पुरतं.

रेल्वेने येणार असाल तर मडगाव किंवा थिवीला न उतरता करमळीला उतरा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा सुटायची वेळ आदल्या दिवशी पुन्हा बघा. करमळीहून जुनं गोवं अगदी जवळ. पाठीवर हलकी पिशवी असेल तर चालतसुद्धा जाल. बॉम जेझू आणि से कॅथेड्रल ही तिथली जुनी चर्च बघायला तिकीट नाही, आणि पावसाची मोठी सर आली की त्या जाड भिंतींच्या आत बसून राहण्यासारखं सुख नाही. तिथून पणजीची बस घ्या आणि उजवीकडची खिडकी पकडा. रायबंदर सोडल्यावर रस्ता १६३३-३४ साली बांधलेल्या जुन्या पुलावरून जातो. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला पाण्याखाली गेलेली मिठागरं.

आता माझा सगळ्यात आवडता दिवस. यातलं बाकी काही केलं नाहीत तरी हा कराच. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली गेलं की फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी माणसाला फेरी फुकट. पलीकडे दिवाडी बेट. जुलैत तिथे भाताची लावणी चालू असते, बांधावर बगळे, आणि अधूनमधून एक मिनीबस. ती चुकली तर सरळ चालत सुटा. मी एकदा निम्मी वाट भिजत चाललो, एका आजोबांनी स्कूटर थांबवून उरलेली वाट नेऊन सोडलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नारोवा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इथलं, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. तुम्ही ज्या ‘कदंब’ बसने फिरणार आहात तिचं नाव त्याच घराण्याचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं आणि देव नदीपलीकडे नार्व्याला नेला गेला. तुम्हीही तसेच जा, दुसऱ्या फेरीने. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करवला. त्याचा शिलालेख तिथे आहे. देऊळ मोठं नाही, डोंगराच्या कुशीत बसलंय, भोवती झाडी. परतताना डिचोलीमार्गे बस मिळते. अख्ख्या दिवसाचा प्रवासखर्च माणशी शंभर रुपयांच्या आसपास, आणि त्यातल्या दोन होड्या फुकट.

पाऊस थांबायचं नावच घेत नसेल तो दिवस पणजीसाठी ठेवा. आझाद मैदानाजवळ इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाची इमारत आहे, तिच्या प्रवेशदालनात भिंतभर निळ्या टाइल्स आहेत. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, चित्रं जोर्जी कोलासोची. तिकीट नाही, गर्दी नाही. पाट्टोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. कृष्णदास शामा हा सोळाव्या शतकातला गोव्याचा मराठी कवी, त्याचं नाव या ग्रंथालयाला आहे. तिथे दुपार काढता येते, आणि तुमच्या वयाच्या पोरांना हे सांगताना हसू येतंय, पण पाय सुकवायला त्याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. पाऊस जरा ओसरला की फोंताइन्यश या जुन्या वस्तीच्या गल्ल्या. भिजलेल्या भिंतींचे पिवळे-निळे रंग उन्हाळ्यापेक्षा गडद दिसतात. लोक राहतात तिथे, दारात उभं राहून फोटोसेशन करू नका. अठरा जून रस्त्यावर पाणी तुंबलेलं दिसलं तर शेजारच्या गल्लीने जा.

खाण्याचं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद असते, म्हणजे ‘ताजी सुरमई’ म्हणून जे ताटात येईल ते बहुधा बर्फातलं, आणि महाग. त्यापेक्षा तिसऱ्या (शिंपल्या) आहेत का विचारा, किंवा सुकटीची किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर, मागा. स्थानिक माणसं या दिवसांत तेच खातात. सकाळी पातळ भाजी आणि पोई, म्हणजे कोंड्याचा गोवन पाव, संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट. तिघांचं पोट थोडक्या पैशांत भरतं. रस्त्याकडेला बायका अळमी, म्हणजे रानातली अळंबी, घेऊन बसलेल्या दिसतील. भाव विचारा, थक्क व्हा आणि पुढे चला.

स्कूटर भाड्याने पावसाळ्यात स्वस्त मिळते, तरी मी घेत नाही. तांबडा चिखल वळणावर आलेला असतो आणि रेनकोटच्या टोपीतून बाजूचं दिसत नाही. टॅक्सी तर तुमच्या बजेटचा एका फेरीत निकाल लावेल. बस भरपूर आहेत, फक्त संध्याकाळी साडेसात-आठनंतर विरळ होतात, ते डोक्यात ठेवून परता.

दूधसागराला रुळांवरून चालत जायचा बेत कुणी सुचवला तर नको. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि जुलैत तिथे पोलीस असतात. कुळें ते कॅसलरॉक घाटातून जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा, धबधबा जवळजवळ अंगावर येतो.

छत्री नेऊ नका, पहिल्याच वाऱ्यात उलटी होते. रेनकोट, पटकन सुकणाऱ्या दोन पँट आणि मोबाइलला जाड प्लास्टिकची पिशवी पुरे. जीन्स चार दिवसांत सुकत नाही, ती घरीच ठेवा. आणि रेड अलर्ट आला तर त्या दिवशी फेरीबीरी काही नाही, खोलीत बसून पत्ते. ती सवय मला आहेच.