‘दुसरीकडे स्वस्त मिळालं तर फरक परत’ ही पाटी खरी मानायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईसाठी फ्रीज घ्यायचाय. नवी पेठेतल्या एका शोरूमबाहेर ‘यापेक्षा स्वस्त कुठेही मिळाला तर फरक परत’ असा फलक आहे. आत किंमत २८,५०० सांगतात आणि मोबाईलवर तोच फ्रीज २५,९९० ला दिसतोय. मग दुकानदारानं अडीच हजार कमी करायलाच हवेत का?

अडीच हजार नाही मिळणार. हजाराच्या आसपास मिळतील, तेही पैसे भरण्याआधी मागितले तर. मी सोलापुरातच एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नऊ वर्षं बिलिंगला बसत होते. असा स्क्रीनशॉट दाखवत येणारी माणसं रोज बघितली आहेत आणि त्यातली निम्मी हात हलवत परत जाताना वाईट वाटायचं, कारण त्यांचं मागणं चुकीचं नसायचं, आकडा चुकीचा असायचा.

तुम्ही टाकलेला स्क्रीनशॉट मोठा करून बघा. २५,९९० च्या खाली बारीक अक्षरात ‘बँक ऑफरसह’ लिहिलंय. म्हणजे ठराविक क्रेडिट कार्ड वापरलं तर १,५०० कमी. विकणाऱ्याची किंमत झाली २७,४९०. दुकानाच्या किमतीशी ताडायची ती ही. कार्डावरची सूट बहुतेक वेळा बँक किंवा कंपनी सोसते. त्या योजनेत आपला दुकानदार नसेल तर ते दीड हजार त्याला खिशातून घालावे लागतात, आणि म्हणूनच फरक परतीच्या अटींमध्ये बँक ऑफर, कॅशबॅक, एक्स्चेंज, कूपन हे सगळं सहसा वगळलेलं असतं. तेव्हा तुमचा हक्काचा फरक १,०१० रुपयांचा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेणार असाल तर तेही आधी नीट विचारा. व्याजाइतकी सूट मिळते, पण त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फीही घेते.

आता ‘तोच’ फ्रीज म्हणजे नेमका कोणता. दुकानात सगळ्यात जास्त वाद यावर व्हायचे. लिटर तेवढेच, रंग तोच, दारावरची फुलं तीच, पण मॉडेल नंबरातली शेवटची दोन अक्षरं वेगळी. ती अक्षरं कधी रंगाची असतात, कधी वर्षाची, कधी एखाद्या मोठ्या साखळी दुकानासाठी किंवा ऑनलाइनसाठी वेगळ्या काढलेल्या मालाची. अक्षरं वेगळी निघाली की दुकानदार ‘हा तो नव्हेच’ म्हणून मोकळा होतो, आणि अटींच्या हिशेबानं तो बरोबर असतो. स्टार लेबलवरचं वर्षही बघा. वीज वापराचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाच्या लेबलाचा तीन स्टार आणि नव्या वर्षाचा तीन स्टार सारखी वीज खात नाहीत. ऑनलाइन खूप स्वस्त दिसणारा माल पुष्कळदा असा जुन्या लेबलाचा असतो. तुमच्या आईच्या घरी तो दहा-बारा वर्षं चालणार आहे, तेव्हा लेबलावरचा वर्षाचा युनिटचा आकडा दोन्हीकडचा लिहून घ्या.

किंमत बघताना आपल्याच घराचा पिन कोड टाका. पुण्याच्या पिन कोडवर दिसणारा भाव सोलापूरला लागू होईलच असं नाही, आणि आपल्याकडे डिलिव्हरी नसेल तर दुकानदार तो धरत नाही. विकणारा कोण आहे हेही बघा. ॲपवर एकाच वस्तूला पाच विक्रेते असतात, आणि त्यातल्या अनोळखी तिसऱ्याच विक्रेत्याचा भाव दुकानदार सहसा मान्य करत नाहीत.

परदेशात ही पद्धत जुनी आहे. ब्रिटनमधल्या जॉन लुईस या दुकानसाखळीनं ‘आमच्यापेक्षा स्वस्त कुणी नाही’ हे वचन १९२५ साली दिलं. पण त्यात फक्त ऑनलाइन चालणारी दुकानं धरलेली नव्हती, आणि गिऱ्हाईक तर तिकडेच भाव बघू लागलं. शेवटी २०२२ मध्ये ते वचन बंद केलं आणि २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानंही धरून परत आणलं. अमेरिकेतल्या टार्गेटनं २०२५ च्या जुलैअखेरीस ॲमेझॉन आणि वॉलमार्टच्या भावाशी जुळवणं थांबवलं. एवढ्या मोठ्या दुकानांना जे जड जातं ते नवी पेठेतल्या दुकानदारानं सरसकट करावं, असं मी म्हणणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर एमआरपीच्या वर विकता येत नाही. त्याखाली कितीला विकायचं हे दुकानदार ठरवतो, दुसऱ्याच्या भावाला विकायची सक्ती त्याच्यावर नाही. पण त्यानं स्वतःहून फलक लावला की गोष्ट बदलते. ती जाहिरात झाली, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारवाई होते.

हे मला माझ्या ताईच्या वॉशिंग मशीनमुळे नीट कळलं. तिनं शहरातल्याच एका दुकानातून मशीन घेतलं. बाहेर मराठीत हातभर अक्षरात ‘फरक परत’. सहाव्या दिवशी दुसऱ्या दुकानात तेच मॉडेल ८०० रुपयांनी कमी दिसलं. ती बिल घेऊन गेली, तर मॅनेजरनं बिलाच्या मागची इंग्रजी ओळ दाखवली: मुदत ४८ तास. ताई तशीच परत आली आणि त्या रात्री जेवलीसुद्धा नाही. आठशे रुपयांपेक्षा ‘तुम्हाला वाचता येत नाही का’ हे चारचौघांत ऐकावं लागलं, ते तिला लागलं होतं. केंद्र सरकारच्या ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत त्याच्या अटी असायला हव्यात, आणि अटींनी मूळ दावा फिरवता कामा नये. आम्ही फलकाचा फोटो, बिलाच्या दोन्ही बाजू आणि दुसऱ्या दुकानाचं सही-शिक्क्याचं कोटेशन जोडून दुकानाला लेखी दिलं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथं मराठीत बोलता येतं. काही दिवसांनी दुकानातूनच फोन आला आणि आठशे रुपये मिळाले. मिळाले नसते तर जिल्हा ग्राहक आयोग होता. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

तरीही माझा सल्ला असा की हे सगळं बिल व्हायच्या आधी करा. एकदा बिल झालं की फरक द्यायला दुकानाला क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढावी लागते, हिशेबात, जीएसटीत ती दाखवावी लागते. मी ते काम केलंय म्हणून सांगते, मालक त्यामुळेच टाळतात आणि रोख पैशांऐवजी पुढच्या खरेदीचं कूपन पुढे करतात. बिलाआधी मात्र फक्त एक आकडा बदलायचा असतो. आणि ‘बिल नको असेल तर अजून सातशे कमी करतो’ म्हणाले तर सरळ नाही म्हणा. कच्च्या कागदावर ना फरक मिळतो ना वॉरंटी.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फलक लावलाय म्हणजे तिथला भाव सगळ्यात कमी, असं मुळीच नाही. शोधायचं काम गिऱ्हाइकावर सोडलेलं असतं. जो शोधून पुरावा आणतो त्याला कमी भाव, बाकीच्यांना छापील. शिवाय समोरासमोरच्या दोन दुकानांनी असे फलक लावले की भाव पाडण्यात दोघांनाही गंमत राहत नाही, कारण एकानं पाडला की दुसरा तासाभरात तेवढाच करणार. मग दोघांचाही भाव वरच राहतो. म्हणून फलक नसलेल्या दोन दुकानांतही विचारून या. आमच्याकडे फलक नव्हता, आणि कितीतरी वेळा आमचाच भाव कमी असायचा.

काउंटरवर सेल्समनशी घासाघीस करू नका, त्याच्या हातात फार नसतं. मॅनेजर किंवा मालकांशी बोला: “मालक, मॉडेल नंबर हाच आहे, माझ्या पिन कोडला आज स्टॉक दाखवतोय, कार्डाची सूट मी धरलेली नाही. २७,४९० ला पक्कं बिल करता का?” असं मोजून मागणाऱ्याला आमचे मालक क्वचितच नाही म्हणायचे. महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस बरे, कंपनीचं टार्गेट गाठायचं असतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर मात्र फ्रीज आपोआप खपतात, तेव्हा कुणी ऐकत नाही. जानेवारीतली आपली गड्ड्याची यात्रा संपल्यापासून पाडव्यापर्यंत बघा. अगदी पूर्ण फरक नाही मिळाला तर स्टँड, स्टॅबिलायझर, जिन्यावरून वर चढवून देणं हे मागा. दोन-तीनशे रुपये राहिले तर मी तरी दुकानातूनच घेईन, कारण दार वाकलेलं निघालं तर संध्याकाळी जाऊन समोर उभं राहता येतं.

बिल करताना फरक परतीची मुदत बिलावर हातानं लिहून सही-शिक्का घ्या. आणि शोरूममधल्या फ्रीजच्या आतल्या स्टिकरचा फोटो इथे टाका, दोन्ही मॉडेल नंबर जुळतात का ते मी बघून सांगते.